मसाल्याच्या पाकिटाचे रंग कसे ठरवावेत? लाल-पिवळा ठेवावा की सोडावा?

बचतगट_सातारा यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या बचत गटाचे मसाले आतापर्यंत आठवडी बाजारात सुटे विकले जायचे. आता ते किराणा दुकानांत आणि ऑनलाइन जाणार आहेत. प्रकार पाच आहेत: कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मिरची पूड, हळद आणि थालीपीठ भाजणी. पाऊच २०० ग्रॅमचं, उभं राहणारं, पुढे पारदर्शक खिडकी असलेलं. पहिली छपाई प्रत्येक प्रकाराची साधारण हजार पाकिटं.

नेटवर रंगांचे तक्ते बरेच मिळतात: लाल म्हणजे भूक, निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे निसर्ग, जांभळा म्हणजे श्रीमंती. त्यावरून गटात दोन मतं पडली आहेत. काही जणींना लाल-पिवळं हवं, काही जणींना खाकी कागदावर हिरवं हवं, कारण ते ‘घरगुती’ दिसतं. डिझायनर सोनेरी आणि काळा सुचवतो आहे. नक्की कशाच्या आधारावर ठरवायचं? पाचही प्रकारांना वेगळा रंग द्यायचा की एकच? आणि छपाईत काय बिघडतं, तेही जाणकारांनी सांगावं.

---

रेषा_आणि_रंग

ताई, तो तक्ता आधी बाजूला ठेवा. एकेका रंगाला एकेक भावना चिकटवणारे हे तक्ते निर्णयाला काहीच उपयोगी पडत नाहीत. दवाखान्याच्या पाटीवर लाल वेगळा वाचला जातो, लग्नपत्रिकेवर वेगळा आणि ‘थांबा’च्या फलकावर वेगळा.

संशोधनात जे बऱ्यापैकी टिकून आहे ते एवढं. पहिलं: रंग कुठला यापेक्षा तो किती उजळ आणि किती भडक आहे, याचा भावनेवर जास्त परिणाम होतो. वाल्डेझ आणि मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांच्या १९९४च्या प्रयोगांत हे ठळकपणे दिसलं. म्हणजे ‘लाल की हिरवा’ या वादात तुम्ही जितका वेळ घालवता, त्यापेक्षा जास्त वेळ ‘कुठला लाल’ यावर घालवा. भडक लाल आणि विटकरी लाल ही दोन वेगळी पाकिटं आहेत. दुसरं: आवडत्या वस्तूंचे रंग माणसाला आवडतात. पामर आणि श्लॉस यांनी २०१०मध्ये हे मांडलं. तुमच्या बाबतीत ते थेट लागू होतं, कारण हळद, सुकी मिरची, भाजलेलं खोबरं, धणे यांचे रंग गिऱ्हाइकाच्या डोक्यात आधीच चवीशी जोडलेले आहेत. तिसरं: रंग मालाला शोभतो का, हे लोक पाहतात. औषधाच्या डबीला शोभणारा थंड निळा मसाल्यावर आला तर पाकीट धुण्याच्या पावडरीसारखं वाटू शकतं.

आता इथल्या अर्थांबद्दल. आपल्याकडे हळद-कुंकवाचा पिवळा आणि लाल शुभ आहेत, हिरवा चुड्याचा आहे, आणि काळा संक्रांत सोडली तर शुभकार्यात टाळला जातो. भगवा आणि निळा आपल्याकडे धर्म, चळवळी आणि पक्षांशीही जोडले जातात. म्हणून ते वर्ज्य ठरत नाहीत, पण सपाट भगव्या पाकिटावर मधोमध गोल चिन्ह आलं की ते झेंड्यासारखं वाचलं जाईल. तेवढी मांडणी टाळा.

सोनेरी-काळ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या मालाला नको. काळ्या पाकिटावर मिरचीचा लाल उठून दिसेल, पण गोडा मसाला स्वतःच काळपट तपकिरी असतो, तो खिडकीत दिसेनासा होईल. शिवाय काळं-सोनेरी पाकीट पाहून गिऱ्हाईक किंमत जास्त असणार असं गृहीत धरतं आणि हात पुढे करत नाही. २०० ग्रॅमच्या रोजच्या मसाल्याला ते परवडत नाही.

पाच प्रकारांसाठी उत्तर असं: पाकिटाचा मुख्य रंग एकच, तो पाचही पाकिटांवर तंतोतंत सारखा. प्रकार बदलेल तसा फक्त एक पट्टा बदलायचा, साधारण पुढच्या भागाच्या पाचव्या हिश्शाएवढा. पाचही पाकिटं पूर्ण वेगळ्या रंगांत केली तर दुकानात ती पाच वेगवेगळ्या कंपन्यांची वाटतात, आणि दुकानदार सगळी एका जागी ठेवेल याची खात्री नसते.

पट्ट्यांचे रंग निवडताना एक चाचणी करा. पाचही डिझाइनं शेजारी ठेवून फोनमध्ये कृष्णधवल करा. मिरचीचा लाल पट्टा आणि भाजणीचा हिरवा पट्टा सारख्याच करड्या छटेचे दिसले तर पट्टे चुकले. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक, विशेषतः पुरुष, कमी नाहीत, आणि दुकानात अंधुक उजेडात इतरांचीही तीच गत होते. रंग वेगळा करताना गडद-फिकेपणाही वेगळा करा: हळद सर्वांत फिकी, मग भाजणी, मग मिरची, मग कांदा-लसूण, आणि गोडा मसाला सर्वांत गडद. पट्ट्यावर प्रकाराचं नाव मोठ्या अक्षरात हवंच. ओळख निव्वळ रंगावर सोडू नका.

अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक मोजता येतो. वेबच्या सुगम्यता निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ असं प्रमाण दिलं आहे. छपाईलाही तेच वापरा. उदाहरणार्थ, हळदीचा पिवळा (पडद्यावरच्या ० ते २५५ या मोजणीत लाल २४२, हिरवा १८३, निळा ५) घेतला तर त्यावर पांढऱ्या अक्षरांचं प्रमाण फक्त १.८ येतं. ते वाचताच येणार नाही. त्याच पिवळ्यावर गडद मरून (लाल ९०, हिरवा १६, निळा ३२) घेतला तर प्रमाण ७.५ होतं. झेंडूच्या केशरीवर पांढरी अक्षरं ही आपल्याकडे सर्रास दिसणारी चूक आहे. तिथेही प्रमाण दोनच्या आसपास राहतं. पिवळा आणि केशरी या रंगांवर अक्षरं गडदच हवीत.

---

शाई_आणि_कागद

वरचं सगळं पटलं. आता हे रंग छापताना काय होतं ते सांगतो, कारण पडद्यावर ठरलेला रंग पाकिटावर जसाच्या तसा येत नाही.

आधी छपाईचा प्रकार. पाऊच थेट छापायचं तर ग्रॅव्ह्युअरला, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने होणाऱ्या छपाईला, प्रत्येक शाईला एक सिलिंडर लागतो. हजार पाकिटांसाठी पाच डिझाइनांचे सिलिंडर काढणं परवडणारं नाही. तुमच्या आकड्याला दोन मार्ग आहेत. एक, बाजारात तयार मिळणारं कोरं खिडकीचं पाऊच घेऊन त्यावर छापील लेबल लावायचं. दोन, एकच सामाईक पाऊच छापून घ्यायचं आणि प्रकाराचा पट्टा स्टिकरने लावायचा. दुसऱ्या मार्गात पाच हजार पाकिटांची एकच ऑर्डर होते, म्हणून छापणारा बोलायला तयार होतो. एक मुख्य रंग आणि बदलता पट्टा ही वरची मांडणी याला नेमकी जुळते.

रंगांचं म्हणाल तर चार शाईंच्या (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) छपाईत झगझगीत केशरी, पोपटी आणि गडद निळा-जांभळा हे पडद्यासारखे येतच नाहीत. केशरी मळकट होतो. तो तुमचा मुख्य रंग असेल तर त्याची तयार शाई, म्हणजे स्पॉट कलर, स्वतंत्र लावून घ्या. तसं शक्य नसेल तर पडद्यावरच थोडा विटकरी केशरी निवडा, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही.

मरून चार शाईंनी केला की दर खेपेला बदलतो. किरमिजी शाई जरा जास्त झाली की वांगी रंगाकडे जातो, पिवळी जास्त झाली की तपकिरीकडे. मोठा भाग मरून असेल तर त्यालाही स्पॉट शाई घ्या. मुख्य म्हणजे बारीक मजकूर कधीही तीन-चार शाईंच्या मिश्रणात देऊ नका. शाईचे ठसे एकमेकांवर केसभर सरकले तरी अक्षरांना रंगीत सावली येते. घटक पदार्थ, पत्ता, तारखा हे सगळं एकाच शाईत, शक्यतो निव्वळ काळ्यात.

देवनागरीची अडचण आणखी वेगळी आहे. गडद पार्श्वभूमीत कोरलेली पांढरी अक्षरं देताना शाई आत पसरते. रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांतल्या फटी बुजतात. ‘कांदा’वरचा अनुस्वार आणि ‘मिरची’मधला वेलांटीचा भाग आधी जातो. पांढरी कोरलेली अक्षरं ८ पॉइंटच्या खाली नेऊ नका आणि वळण जाडसर घ्या. बारीक-जाड रेघांचं नाजूक वळण फक्त मोठ्या नावापुरतं ठेवा.

खाकी कागदाबद्दल: तो रंग स्वतःच सगळ्या शाईत मिसळतो. शाई पारदर्शक असते, त्यामुळे पिवळा जवळजवळ नाहीसा होतो, हिरवा शेवाळी होतो, लाल विटकरी होतो. खाली पांढऱ्या शाईचा थर दिला तरच रंग खुलतो. चकचकीत धातूच्या फिल्मवरही पांढरा थर द्यावाच लागतो, नाहीतर प्रत्येक रंग धातूसारखा चमकतो आणि कोनाप्रमाणे बदलतो. शिवाय लॅमिनेशन नसलेला खाकी कागद तेल शोषतो. कांदा-लसूण मसाल्याला तेल सुटतं, भरताना बोटं लागतात आणि डाग कायमचा राहतो. हळदीचा डाग पांढऱ्या मॅट लेबलवरूनही निघत नाही. सीलच्या आसपासचा भाग पांढरा ठेवू नका, तिथे गडद किंवा हळदीच्याच जवळचा रंग द्या.

मॅट लॅमिनेशनने गडद रंग थोडे फिके आणि राखट दिसतात, चकचकीत लॅमिनेशनने खोल दिसतात. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, लॅमिनेशन लावलेलाच मागा.

---

बचतगट_सातारा

खूप उपयोगी माहिती. सोनेरी-काळं रद्द. एक शंका: खिडकीतून माल दिसतो, मग पाकिटाचा रंग मालासारखाच घ्यावा का? म्हणजे मिरचीच्या खिडकीभोवती लाल? आणि दुकानातल्या सगळ्या मसाल्यांचा रंग लालच आहे, तर आमचं पाकीट त्यात हरवणार नाही का?

---

उजेड_सावली

खिडकीभोवती मालाचाच रंग देऊ नका. छापील लाल नेहमी मिरचीपेक्षा भडक असतो. त्याच्या शेजारी चांगली मिरचीसुद्धा विटलेली, जुनी वाटते. शेजारचा रंग डोळ्याला दिसणारा रंग बदलतो, हे फ्रान्समधल्या गोबेलँ गालिचा कारखान्याच्या रंगशाळेचे प्रमुख मिशेल शेव्हरल यांनी १८३९ साली सविस्तर मांडलं होतं. कारखान्यातला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. त्यांनी दाखवलं की दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांत होता.

मिरचीच्या खिडकीभोवती गडद हिरवा किंवा साईसारखा पांढरट रंग दिला तर लाल जास्त लाल दिसतो. हळदीभोवती गडद मरून चालतो, फिका पिवळा चालत नाही. गोडा मसाल्याभोवती साईचाच रंग, म्हणजे तपकिरी रंगातली ऊब दिसते. पाचही प्रकारांना एकच उपाय हवा असेल तर खिडकीला ४ ते ५ मिलिमीटरची पांढरट-साय रंगाची चौकट द्या आणि तिच्याबाहेर मुख्य रंग सुरू करा.

खरी काळजी वेगळीच आहे. हळदीतलं कर्क्युमिन उजेडात विघटित होतं. मिरचीतली रंगद्रव्यं उजेड आणि हवा दोन्हींनी फिकी पडतात. दुकानाच्या दर्शनी भागात, काचेमागे उन्हात पाकीट राहिलं की खिडकीचा भाग आणि झाकलेला भाग यांत फरक दिसतो. गिऱ्हाईक पाकीट उघडतं, आत दोन रंगांची हळद दिसते आणि भेसळीचा संशय येतो. म्हणून हळद आणि मिरचीची खिडकी लहान ठेवा, तीन-चार सेंटिमीटरची पुरे, आणि शक्यतो खालच्या बाजूला किंवा मागच्या बाजूला. भाजणीला मोठी खिडकी दिली तरी रंगाचं तेवढं भय नाही.

छापील रंगही उन्हात जातात, आणि सगळे सारखे जात नाहीत. नेहमीच्या शाईंत पिवळी आणि किरमिजी आधी उडते, निळी आणि काळी टिकते. लाल हा पिवळा आणि किरमिजी मिळूनच बनतो, म्हणून लाल पाटी वर्षभरात गुलाबट फिकी होते आणि हिरवी निळसर होते. पाटी, बॅनर आणि स्टॉलचा फलक बनवून घेताना बाहेर टिकणारी शाई आहे का ते विचारा. टिकाऊपणा १ ते ८ या ब्लू वूल मोजपट्टीवर सांगितला जातो. घरातल्या लेबलला ४-५ चालतं, उन्हातल्या पाटीला ७-८ हवं.

---

मांडणी_नाक्यावरची

लालमध्ये हरवण्याबद्दल माझं मत वरच्यांपेक्षा थोडं वेगळं आहे. लाल-पिवळा सगळ्यांनी उगाच धरलेला नाही. गिऱ्हाईक दुकानात शिरल्यावर मसाल्याचा कप्पा शोधतं तेच त्या लाल पट्ट्यावरून. पूर्ण तुटून वेगळं झालात तर वेगळे दिसाल खरे, पण ‘हे मसाल्याचं पाकीट आहे’ हे कळायला एक क्षण जास्त लागेल, आणि नव्या नावाला तो क्षण महाग पडतो. अमेरिकेत ट्रॉपिकाना या फळांच्या रसाच्या कंपनीने २००९च्या सुरुवातीला ओळखीचं पाकीट एकदम बदललं. दोनेक महिन्यांत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि जुनं पाकीट परत आणावं लागलं. तिथे रंगाबरोबर चित्र आणि अक्षरंही बदलली होती, पण खूण हरवली की गिऱ्हाईक वाचत बसत नाही, हे त्यातून दिसतं.

म्हणून माझा सल्ला: लालच्या घरात राहा, पण त्यातला न घेतलेला कोपरा धरा. जिथे विकणार त्या पाच-सहा दुकानांतल्या मसाल्याच्या कप्प्याचे फोटो काढा, दोन मीटरवरून, सरळ समोरून. प्रत्येक फोटोत तुमच्या डिझाइनची प्रतिमा त्याच मापात चिकटवा आणि फोटो अंगठ्याएवढा लहान करून बघा. तुमचं पाकीट सापडायला शोधावं लागलं तर बदल करा. बहुतेक ठिकाणी भडक लाल आणि चकचकीत पिवळा भरलेला असतो. गडद मरून आणि साय रंगाची मॅट पाकिटं त्यात कमी असतात. हा कोपरा मसाल्याचाही वाटतो आणि वेगळाही दिसतो. मरून मुख्य, साय रंग चौकटीला आणि नावाला, आणि पट्टा प्रकाराप्रमाणे: एवढ्यावर थांबा. चौथा-पाचवा रंग ‘थोडा उठाव यावा म्हणून’ घालू नका.

हिरव्या-खाकी पाकिटाबद्दल एक गोष्ट नक्की लक्षात घ्या. तो पेहराव सेंद्रिय मालाने घेतला आहे. तुमच्याकडे सेंद्रिय प्रमाणपत्र नसताना तो घेतला तर गिऱ्हाईक दुकानदाराला तेच विचारणार, आणि ‘नाही’ हे उत्तर ऐकून पाकीट खाली ठेवणार. प्रमाणपत्र असेल तर मात्र हा पेहराव योग्य आहे.

ऑनलाइनसाठी: पांढऱ्या पार्श्वभूमीवर साय रंगाच्या कडा दिसेनाशा होतात. फोटोत पाकिटाच्या कडेला मरून राहील असं बघा. फोटो दिवसाच्या सावलीतल्या उजेडात काढा. पिवळ्या दिव्याखाली हळद आणि पाकीट दोन्ही केशरी येतात, आणि माल हाती आल्यावर ‘रंग वेगळा आहे’ म्हणून परत येतो.

---

नियम_वाचा

रंग ठरवताना तीन गोष्टी तुमच्या हातात नसतात, त्या आधी पाहून घ्या.

शाकाहारी चिन्ह: हिरव्या चौकटीत भरीव हिरवा गोल. पुढच्या भागाचं क्षेत्रफळ १०० ते ५०० चौरस सेंटिमीटर असेल (२०० ग्रॅमचं पाऊच यातच बसेल) तर गोलाचा व्यास किमान ४ मिलिमीटर आणि चौकटीची बाजू किमान ८ मिलिमीटर. पार्श्वभूमी विरोधी हवी. मरूनवर हिरवं चिन्ह थेट छापलं तर ते दिसणारच नाही, म्हणून खाली पांढरा तुकडा ठेवा. चिन्हाचा रंग पाकिटाला जुळवून बदलायचा नाही. सोनेरी किंवा मरून शाकाहारी चिन्ह चालत नाही. निव्वळ वजन आणि किंमत यांनाही पार्श्वभूमीशी ठळक विरोध लागतो. खिडकीवर ती छापू नका, आत माल असताना वाचता येत नाहीत.

बारकोड: बऱ्याच दुकानांतले स्कॅनर लाल उजेडाचे असतात. लाल उजेडाला लाल, केशरी, तपकिरी रेघा पांढऱ्यासारख्याच दिसतात आणि कोड वाचला जात नाही. मरूनच्या रेघाही धोक्याच्या. रेघा काळ्या, पार्श्वभूमी पांढरी. पिवळी पार्श्वभूमीसुद्धा चालते. १३ अंकी कोडचं नेहमीचं माप ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर आहे आणि तो ८० टक्क्यांपेक्षा लहान करायचा नाही. दोन्ही बाजूंची कोरी जागा डिझाइनर हमखास खातात, ती राखा.

रंगाची नक्कल: आपल्या ट्रेडमार्क कायद्यात रंगांची मांडणीही चिन्हात मोडते. कोलगेट आणि अँकर यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ साली दंतमंजनाच्या डब्यावरच्या लाल-पांढऱ्या मांडणीबद्दल कोलगेटच्या बाजूने अंतरिम मनाई दिली होती. म्हणून ओळखीच्या मोठ्या मसाल्याच्या पाकिटावरचे रंग त्याच क्रमाने आणि त्याच प्रमाणात घेऊ नका, नाव कितीही वेगळं असलं तरी. स्वतःचं बोधचिन्ह नोंदवताना ते काळ्या-पांढऱ्यात दाखल करा. रंगाची मर्यादा न घालता नोंदवलेलं चिन्ह सगळ्या रंगांसाठी नोंदलं गेलं असं कायदा मानतो. पुढे पाकिटाचा रंग बदललात तरी नोंदणी उपयोगी राहते.

---

शाई_आणि_कागद

प्रूफ मंजूर करण्याबद्दल राहिलं होतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून रंगाला होकार देऊ नका. फोन दाखवतो तो रंग छपाईचा नसतो. खऱ्या लेबलच्या कागदावर किंवा फिल्मवर, लॅमिनेशनसह, खऱ्या मापाचा नमुना मागा. तो सकाळी दहा-अकराच्या सुमाराला खिडकीपाशी, थेट ऊन न पडता पाहा, आणि नंतर किराणा दुकानाच्या एलईडी दिव्याखाली पाहा. दोन वेगवेगळ्या शाईमिश्रणांचे मरून एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्यात वेगळे पडतात. पाऊच एकीकडे आणि स्टिकर दुसरीकडे छापणार असाल तर हे होणारच, म्हणून पट्ट्याच्या स्टिकरवर मरून घेऊच नका. तिथे फक्त पट्ट्याचा रंग आणि काळी अक्षरं. गोडा मसाल्याचा पट्टा गडद आहे, तेवढ्यावर अक्षरं पांढरी.

मंजूर नमुन्याच्या तीन प्रतींवर सही आणि तारीख घाला. एक छापखान्यात, एक तुमच्याकडे, एक पाकिटात बंद करून अंधारात. पुढच्या छपाईला रंग जुळवायचा तो त्या अंधारातल्या प्रतीशी, भिंतीवर लावलेल्या प्रतीशी नाही. रंग मोजण्याचं यंत्र असलेला छापखाना असेल तर मुख्य रंगाचा फरक, म्हणजे डेल्टा-ई, ३च्या आत राहावा असं ऑर्डरवर लिहून घ्या.